आयव्हीएफच्या दिवसांत योग: वहिनीच्या चटईशेजारी बसून मी काय शिकले

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देते.

तीन वर्षांपूर्वी मी कंटेंट रायटरची पहिली नोकरी धरली. बी.ए. इंग्लिश नुकतंच झालं होतं. मिळालेल्या पहिल्या काही विषयांपैकी एक होता, 'गर्भधारणेसाठी योगासने'. माझं लग्न झालेलं नाही आणि योग म्हणजे २१ जूनला कॉलेजच्या मैदानावर फोटोपुरतं केलेलं ताडासन, एवढीच माझी ओळख. मी दहा लेख वाचले आणि अकरावा लिहून टाकला. त्यात एक वाक्य होतं: 'ताण सोडा, गोड बातमी आपोआप येईल.'

हे वाक्य माझ्याच घरात, रात्री अकरा वाजता, कुणीतरी रडत रडत वाचेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमच्या घराची गोष्ट

आम्ही अभनपूरला राहतो. रायपूरहून धमतरीला जाताना लागणारं हे गाव. आजोबा नोकरीसाठी विदर्भातून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर छत्तीसगढी. वहिनीचं माहेर गोंदियाचं, त्यामुळे तिला दोन्ही भाषा परक्या नाहीत. टोमणेही दोन्ही भाषांत कळतात.

लग्नाला सहा वर्षं झाली, तरी पाळणा हलला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण देताना तिच्या पोटाकडे बघायच्या. आमच्याकडे पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी कमरछठ येते. मुलांसाठी आया उपास करतात, सगरी खणून पूजा करतात आणि नांगर न लावता उगवलेला पसहर तांदूळ खातात. त्या दिवशी शेजारच्या काकी दारातून म्हणाल्या, "एसो घलो कुछु नइ होइस का, बहू?" वहिनी हसली आणि आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

दादाला मात्र सहा वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही. डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट पाहिले तेव्हा अडचण दोघांकडे थोडी थोडी निघाली. वाचणाऱ्या प्रत्येक बाईला मी हे आवर्जून सांगते: तपासणी दोघांची एकाच वेळी करून घ्या.

पहिला आयव्हीएफ आणि माझा लेख

उपचार रायपूरला सुरू झाले. अंडाशयाला चालना देणारी इंजेक्शनं रोज ठरलेल्या वेळी पोटात घ्यायची. एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. पहाटे उठून डबा करायचा, दादाबरोबर रायपूर गाठायचं, रांगेत बसायचं आणि दुपारी परत येऊन काहीच झालं नाही असं वागायचं, कारण आईने नातेवाइकांत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. गर्भ गर्भाशयात सोडल्यावर निकालापर्यंतचे जवळपास दोन आठवडे तर घरात कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं.

निकाल नाही आला.

त्या रात्री वहिनी माझ्या खोलीत आली. हातात मोबाइल, त्यावर माझा लेख. म्हणाली, "हे तूच लिहिलंयस ना? मग सांग, मी कुठे कमी पडले? मी काळजी करत राहिले म्हणून राहिलं नाही का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते वाक्य लिहिलं होतं, पण ते खरं आहे की नाही हे कधी तपासलंच नव्हतं.

ताणामुळे आयव्हीएफ फसतो का?

त्यानंतर मी नीट वाचायला बसले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०११ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली होती. उपचाराआधी मनावर ताण, चिंता असलेल्या स्त्रियांना गर्भ राहण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली, असं त्यात दिसलं नाही.

मी वहिनीला हे मराठीत सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझी चूक नव्हती." मी म्हटलं, "नव्हती. चूक माझ्या लेखाची होती." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला कळवून ते वाक्य काढून टाकलं.

आईसाठीही एक गोष्ट शोधून ठेवली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गाच्या जन्माची वाट खुली केली होती, पण त्यांच्यावर तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. हर्षा पुढे स्वतः आई झाली. आई म्हणाली, "मी तेव्हा शाळेत होते. म्हणजे हे काही नवीन नाही!" आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, हे ऐकल्यावर तिने मावशीला फोन लावला. पहिल्यांदाच आवाज खाली न करता बोलली.

मग योग कशासाठी?

तुम्ही म्हणाल, ताणाने निकाल बदलत नसेल तर योग करायचा कशाला? हाच प्रश्न मी आईच्या भजनी मंडळातल्या एका काकूंना विचारला. त्या बरीच वर्षं योग शिकवतात. त्या म्हणाल्या, "अगं, बाळासाठी नको करू म्हणावं. इंजेक्शनच्या आधी हात थरथरतो ना, त्यासाठी कर. रात्री झोप येत नाही ना, त्यासाठी कर."

यामागचं कारण साधं आहे. आपण श्वास हळू सोडतो तेव्हा शरीराला शांत करणारी मज्जासंस्था पुढे येते, हृदयाचे ठोके मंदावतात, आवळलेले खांदे सैल होतात. श्वासाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचं काम आपल्या लोणावळ्यात १९२४ सालीच स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाममध्ये सुरू केलं होतं.

वहिनीने डॉक्टरांना विचारून, काकूंच्या देखरेखीखाली रोज वीस-पंचवीस मिनिटांचा नेम धरला. मी शेजारी चटई टाकायचे. कधीकधी दादाही यायचा, आणि शवासनात हमखास घोरायचा.

आम्ही काय करायचो?

• भ्रामरी: डोळे मिटून, ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव. पाच ते सात वेळा. वहिनीला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. क्लिनिकच्या बाहेर, गाडीतसुद्धा करता येतं.
• अनुलोम-विलोम: श्वास कोंडून न धरता, अगदी सावकाश. पाच मिनिटं.
• मार्जारासन: हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळू वर-खाली. तासन्‌तास खुर्चीत बसून आखडलेली कंबर मोकळी होते.
• सुप्त बद्धकोणासन: पाठीवर झोपून तळवे जुळवायचे, दोन्ही गुडघ्यांखाली उशा. उशांशिवाय नको, मांड्या ताणल्या जातात.
• विपरीत करणी: पाय भिंतीला टेकवून नुसतं पडून राहायचं. हे आम्ही इंजेक्शनं सुरू होण्याआधीच्या दिवसांतच केलं.
• शवासन: दहा मिनिटं. मन भटकलं तरी चालेल. वहिनीचं बहुतेक वेळा गोंदियाला जाऊन यायचं.

काय टाळायचं?

हा भाग घाईत वाचू नका. माझ्या पहिल्या लेखात नेमका हाच नव्हता.

इंजेक्शनं सुरू झाली की अंडाशयाचा आकार वाढतो. अशा वेळी झटका किंवा पीळ बसला तर अंडाशय स्वतःभोवती फिरण्याचा धोका असतो, आणि मग तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून त्या दिवसांत पीळ देणारी आसनं, पोटावर दाब आणणारी भुजंगासन-धनुरासनासारखी आसनं, सर्वांगासन, भराभर घातलेले सूर्यनमस्कार, कपालभाती आणि भस्त्रिका पूर्ण बंद. स्त्रीबीजं काढल्यानंतर डॉक्टर सांगतील तोवर फक्त श्वास आणि विश्रांती. गर्भ सोडल्यावर दिवसभर अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नसते, हलकं चालणं-फिरणं चालतं, पण आसनं डॉक्टरांना विचारूनच.

पोटात जोरात दुखणं, पोट फुगणं, सतत उलट्या, दम लागणं किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही झालं तर चटई गुंडाळा आणि थेट डॉक्टरांना फोन करा. आणि योगासाठी औषधाचा एकही डोस चुकवायचा नाही.

दुसरी वेळ

दुसऱ्या वेळी आम्ही तिघं मिळून गेलो. मार्च २०२५ च्या शेवटी अभनपूर-रायपूर मेमू सुरू झाली, तेव्हा दादाने तिला मुद्दाम खिडकीजवळची जागा पकडून दिली. ओढणी तोंडावर घेऊन तिने भ्रामरी सुरू केली. समोरच्या आजींनी विचारलं, "काय गुणगुणतेस बाई?" वहिनी म्हणाली, "गाणंच समजा."

या लेखाच्या शेवटी बाळाचा फोटो नाही. दुसऱ्या वेळीही निकाल आला नाही.

वहिनी रडली. दादाही रडला, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा. पण त्या रात्री ती मोबाइल घेऊन माझ्या खोलीत आली नाही. 'माझं काय चुकलं' हा प्रश्न तिने कुणालाही विचारला नाही. आईने केलेला वरणभात खाल्ला आणि झोपली. चौथ्या दिवशी सकाळी तिने माझं दार वाजवलं. "उठ, चटई टाक. आज माझ्याने एकटीने होणार नाही."

पुढे काय करायचं हे त्या दोघांचं अजून ठरलेलं नाही. काही महिने थांबायचं, एवढंच ठरलंय. यंदाच्या कमरछठीला काकी पुन्हा दारात आल्या. वहिनी शांतपणे म्हणाली, "काकी, इलाज चालू आहे. काही झालं तर तुम्हाला सांगेन." काकींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच काही न विचारता परत गेल्या.

तेव्हा मैत्रिणी, तू या वाटेवर असशील तर रोज थोडा वेळ चटईवर जरूर बस. पण बाळासाठीची परीक्षा म्हणून नको, तुझ्या स्वतःसाठी. आणि तुझ्या घरात कुणी या वाटेवर असेल, तर 'टेन्शन घेऊ नकोस, होईल' असं तिला सांगू नकोस. तिच्या शेजारी आपली चटई टाक आणि गप्प बस. मला हे शिकायला एक चुकीचा लेख लिहावा लागला.