बोटं हलली पाहिजेत

मँचेस्टर पिकॅडलीहून सुटलेली लोकल हॅडफील्डला संपते आणि स्टेशनाबाहेर पडलं की काही पावलांवर लाँगडेंडेल ट्रेल सुरू होतो. जानेवारीत इथे बर्फ पडेलच असं नाही. पडतो तो बारीक, तिरका, कंटाळा न येणारा पाऊस, आणि पारा तीन-चार अंशांवर रेंगाळत राहतो. सायकल चालवणाऱ्याला ही हवा कोरड्या बर्फापेक्षा जड जाते. उणे दहात बुटावर पडलेला बर्फ झटकून टाकता येतो. तीन अंशांचं पाणी आत शिरतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ऊब ओढून नेतं.

पावसात सायकल चालवण्याची मला सवय आहे, पण ती ताम्हिणी घाटातली. तिथे सँडल घालायची, पाणी एकीकडून येतं, दुसरीकडून जातं, पाय ओले झाले तरी गारठत नाहीत. तो अनुभव इथे उपयोगाचा नाही, हे मावसबहिणीने फोनवरच बजावलं होतं. ताई इथे बरीच वर्षं राहते आणि हिवाळाभर सायकलनेच कामाला जाते. ट्रेलवर जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती मला सायकलबूट घ्यायला दुकानात घेऊन गेली. संध्याकाळी अशासाठी, की दिवसभरात पाऊल थोडं फुगतं आणि खरं माप तेव्हाच कळतं. सोबत जाड लोकरीचे मोजेही तिने आणले होते.

दुकानात एकाहून एक देखणे जोड होते. ताईने किंमतीकडे पाहिलंसुद्धा नाही. बूट चढवून घट्ट केला की तिचा एकच प्रश्न: "बोटं हलतात का गं? पाचही?" माझ्या नेहमीच्या नंबरात ती हलत नव्हती. "मग ठेव तो. मोठा नंबर माग." पाय गरम ठेवतं ते रक्त आणि मोज्यात अडकलेली हवा. बूट आवळला की दोन्ही जातात: रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि लोकर चेपून तिच्यातली हवा निघून जाते. मग कितीही महागडं अस्तर असो, बोटं बधिर होणारच. चालताना पाऊल निदान वाकतं. पॅडल मारताना ते जवळपास ताठच असतं आणि बोटं सतत वाऱ्याच्या तोंडावर असतात. हिवाळी सायकलबुटात जागा हीच पहिली गोष्ट, असं माझं आता ठाम मत आहे. मी एक नंबर मोठा जोड घेतला.

तळ कुठला घ्यायचा याला फार वेळ लागला नाही. रेसिंगच्या सायकलींना तीन स्क्रूंची क्लीट, म्हणजे बूट पॅडलला अडकवणारी पट्टी, लागते आणि त्या बुटांचा तळ गुळगुळीत असतो. दोन स्क्रूंची क्लीट रबरी खाचांच्या आत दबलेली राहते, म्हणून चिखलातून फाटक उघडायला उतरलं तरी पाय घसरत नाही. आम्हाला ट्रेलवर जायचं होतं, तेव्हा दुसरीच. बंद करायला गोल चकती फिरवायची होती, जाड हातमोजे न काढता. थंडीत हातमोजा काढायला लागणं म्हणजे पायांपाठोपाठ हातही गमावणं.

मग आलं पाणी. गोअर-टेक्ससारखा पडदा बाहेरचं पाणी अडवतो आणि घामाची वाफ जाऊ देतो. पण पोटरीवरून ओघळलेलं पाणी बुटाच्या तोंडातून आत आलं, तर तोच पडदा ते आत धरून ठेवतो. म्हणून घोट्याच्या वर जाणारा, गळ्याशी मऊ पट्टा असलेला बूट हवा, आणि पावसाळी पँट बुटाच्या बाहेरून खाली यायला हवी, आत खोचायची नाही. रात्री घरी ताईने आतला तळवा काढून क्लीटच्या स्क्रूंवर सिलिकॉन भरलं. तिथून पाणीही येतं आणि गारठाही, कारण ते धातूचे स्क्रू थेट चवड्याखाली असतात. पुढच्या मडगार्डला तिने खाली रबराची झालर जोडली. चाकाने उडवलेलं पाणी पायावर येणारच नाही, हे कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त काम करतं.

ट्रेल म्हणजे जुना लोहमार्ग. त्यामुळे चढ इतका हलका की कळतही नाही. डाव्या हाताला एकामागून एक जलाशय येतात, बॉटम्स, व्हेलहाउस, रोड्सवुड, मग लांबलचक टॉरसाइड. मँचेस्टरला पाणी पुरवण्यासाठी जॉन फ्रेडरिक बेटमन यांनी ही साखळी 1848 ते 1877 या काळात उभी केली. त्या दिवशी जलाशय आणि आभाळ यांच्यात रंगाचा फरक उरला नव्हता. टॉरसाइडला ट्रेल रस्ता ओलांडतो. ओल्या डांबरावर उतरून सायकल ढकलली तेव्हा रबरी खाचांचं मोल पटलं. वारा पाठीशी होता, पाय उबदार होते.

पुढे वुडहेडला त्या लोहमार्गाच्या बोगद्यांची तोंडं दिसतात. पहिला 1845 साली सुरू झाला, शेजारचा त्यानंतर काही वर्षांनी, आणि विजेच्या गाड्यांसाठीचा तिसरा 1954 साली. मार्ग 1981 साली बंद पडला. आता आतून विजेच्या केबल जातात. ज्यांनी हे खणलं ते मजूर याच माळावर झोपड्यांत राहत होते, वर्षानुवर्षं याच पावसात, आणि 1849 साली त्यांच्यात पटकी पसरली. उबदार बुटात उभं राहून त्या दगडी कमानीकडे पाहताना त्यांच्या पायांत काय असेल हाच विचार मनात येत राहिला. तिथे फार वेळ थांबलो नाही. थांबलं की घाम गार होतो.

परतीला वारा समोरून. खरी परीक्षा इथे झाली. पावसाचे थेंब बुटाच्या टोकावर आपटत होते आणि मी पॅडल मारता मारता मुद्दाम बोटं हलवून बघत होते. पाचही हलत होती. टाचेपाशी दमट वाटलं, तो घाम होता. लोकर ओली झाली तरी ऊब बरीचशी राखते, म्हणून त्रास झाला नाही. "कसं वाटतंय?" ताई मागून ओरडली. "छान!" मी ओरडले, आणि ते अगदी मनापासून होतं.

घरी आल्यावर बूट हीटरवर ठेवायला तिने मनाई केली, त्याने चिकटवलेले सांधे सुटतात. तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि तासाभराने बदलले; सकाळी बूट कोरडे होते. रोज वीसेक मिनिटं ऑफिसला जाणाऱ्याने एवढा खर्च करू नये, त्याला साध्या बुटांवर निओप्रीनची खोळ पुरते. पण तासन्‌तास ओल्या वाऱ्यात राहायचं असेल, तर आधी मोजे पिशवीत टाकावेत, मगच दुकानात जावं.