सलाम आणि चाळणी

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी बरं येत असेल तर ते फार कुणाला कळू देऊ नये. वरून येणारं प्रत्येक पत्र मराठीत असतं. त्यातल्या 'विहित नमुन्यात', 'विनाविलंब', 'अनुपालन अहवाल' या शब्दांशी कुणी भिडायचं हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. आमच्याकडे तो निघाला तेव्हा मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "आपा, आपकी मराठी अच्छी है, स्कूल का ई-मेल अब आप ही देखिए." मी हो म्हणून बसले.

त्या संध्याकाळी धायरीला घरी परतताना सिंहगड रोडवर बस नेहमीसारखी अडकली. मोबाइलवर शाळेचा मेलबॉक्स उघडला. न वाचलेले मेल साडेतीन हजारांच्या वर! धायरी फाटा येईपर्यंत मी चाळीस वाचले आणि तेवढ्यात अकरा नवे आले.

शिक्षकांना यादी सांगायला नको. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ, पोषण आहार, अपार आयडी, निवडणुकीचं काम. प्रत्येकावर 'अतितात्काळ'. सगळंच अतितात्काळ असलं की तातडीचं काहीच उरत नाही. एक पत्र मूळ, एक स्मरणपत्र आणि तिसऱ्यांदा कुणीतरी पुढे ढकललेलं. मध्येमध्ये पुस्तकवाले, सहलीवाले, सीसीटीव्हीवाले. आणि या ढिगाच्या तळाशी कुठेतरी एखाद्या पालकाचे चार ओळींचे मेल.

माझ्या भाच्यानं तोडगा दाखवला. जीमेलमध्ये 'फिल्टर' असतात. संगणकावर उघडायचं, कारण मोबाइलच्या ॲपमधून ते तयार करता येत नाहीत. सर्चच्या चौकटीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर टिचकी मारायची. मेल कुणाकडून आला, विषयात काय आहे, मजकुरात कोणते शब्द आहेत, ते भरायचं. मग सांगायचं की असा मेल आला की त्याला अमुक लेबल लाव, तारा लाव, इनबॉक्समधून बाजूला ठेव किंवा कचऱ्यात टाक. एकदा सांगितलं की पुढे तो आपोआप करत राहतो. जुन्या मेलनाही तोच नियम लावायचा असेल तर तशी चौकट वेगळी आहे.

मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, कारण सरकारी पत्र ओळखायची खूण मला लगेच सापडली: 'उपरोक्त विषयान्वये'. जिवंत माणूस दुसऱ्या माणसाला असं कधी लिहीत नाही. मी नियम केला की ज्या मेलमध्ये हे शब्द असतील त्यावर 'परिपत्रक' लेबल लावून तो इनबॉक्सबाहेर ठेवायचा, शनिवारी सगळे एकदम बघायचे. पंधरा दिवसांत इनबॉक्स आमच्या ओट्यासारखा लख्ख झाला.

मग दहावीच्या परीक्षेच्या अर्जांचे दिवस आले. नावं तपासून घ्या असं पत्र आलं, ते आम्ही पालकांना जसंच्या तसं पाठवलं. पुढचे दोन शनिवार माझे अर्ज भरण्यातच गेले आणि 'परिपत्रक' लेबल उघडायचं राहिलं. एके दिवशी व्हरांड्यात एका मुलीनं मला थांबवलं. "टीचर, अब्बू पूछ रहे थे, मेल मिला क्या?" तिचे वडील कुवेतला ड्रायव्हर. मी म्हटलं, नाही बेटा, काहीच आलेलं नाही. स्टाफरूममध्ये जाऊन शोधलं तर मेल अकरा दिवसांपूर्वीच आलेला होता. मुलीच्या आईच्या नावाचं स्पेलिंग चुकल्याचं त्यांनी कळवलं होतं. मोडक्या मराठीत, रोमन अक्षरांत, पण सलाम करून, अदबीनं.

गफलत कशी झाली ते पाहून मी खजील झाले. त्यांनी आमच्याच मेलला उत्तर दिलं होतं. उत्तराखाली जुना मजकूर चिकटलेला राहतो. त्यात 'उपरोक्त विषयान्वये' होतं. माझ्या नियमानं एका बापाला परिपत्रक ठरवलं होतं. तोवर याद्या सह्या होऊन गेलेल्या. मग जनरल रजिस्टरचा उतारा, अर्ज, माझे दोन हेलपाटे. दुरुस्ती झाली. पण मार्कशीटवर आईचं नाव छापलं जातं, आणि एका अक्षरानं पुढे किती दारं अडतात हे आपल्या घरांत कुणाला सांगायला हवं? शेख, शैख, शाईख. आयशा, आयेशा, आएशा. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना आपली नावं वाटेत कुठे ना कुठे अडखळतातच.

नंतर वाचताना कळलं की मेलचे नियम लिहिण्यासाठी इंटरनेटवर एक प्रमाणित भाषा आहे. 2001 साली तिचा मसुदा प्रसिद्ध झाला, 2008 साली सुधारित आला. तिचं नाव 'सीव्ह', म्हणजे चाळणी. तिच्यातला एक उसूल मला फार आवडला. कुठलाच नियम लागू झाला नाही तर मेल इनबॉक्समध्येच राहतो. नियमातच चूक निघाली तरी मेल फेकायचा नाही, ठेवायचा. घरी पीठ चाळताना कोंडा कुठला हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. पत्रांत ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून शंका असेल तिथे समोर ठेवावं.

मी नियम बदलले. बाजूला ठेवायचा नियम आता शब्दावर नाही, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर चालतो. तोही ठरावीक चार-पाच पत्त्यांपुरताच. शब्दांचा नियम उलटा केला: मेलमध्ये सलाम किंवा नमस्कार असेल तर त्याला तारा लाव आणि स्पॅममध्ये कधीच टाकू नको. स्पॅममधला मेल तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो, आणि पालकांचे मेलही तिथे सापडले होते. सलाम तरी किती तऱ्हेचे! नागरीत, उर्दूत, रोमनमध्ये. 'अस्सलामु अलैकुम', 'अस्लाम वालेकुम', नुसतं 'सलाम'. जीमेल अर्ध्या शब्दावरून पूर्ण शब्द ओळखत नाही, म्हणून प्रत्येक रूप वेगळं लिहावं लागलं. तरी एखादं निसटतंच. त्यामुळे रोज असरनंतर दहा मिनिटं मी बाजूला ठेवलेले मेलही नजरेखालून घालते. ही दहा मिनिटं कुठल्याही नियमावर सोपवलेली नाहीत.

सलामचं उत्तर देणं वाजिब आहे, हे आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो. कुवेतच्या त्या सलामला माझं 'वालेकुम अस्सलाम' अकरा दिवसांनी गेलं. त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. तक्रार नव्हती, फक्त दुआ होती. त्या मेलला तारा मी हातानं लावला.