रामघाटावर आठवलेली मोटार

वडिलांचे वर्षश्राद्ध झाल्यावर आईला घेऊन उज्जैनला जाणे झाले. निपाणीहून निघतानाच तिने बजावले होते, ‘आधी रामघाट, मग महाकाळ.’ रामाने दशरथाचे पिंडदान क्षिप्रेच्या याच काठावर केले, अशी श्रद्धा आहे.

उज्जैनमध्ये मराठी माणसाला परके वाटत नाही. महाकाळाचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्याने उभारले. घाटावरचे आमचे गुरुजीही मराठीच निघाले. विधी आटोपल्यावर त्यांनी लांबोडकी वही उघडली. गाव, गोत्र, आजोबांचे नाव विचारून झाले आणि मग, ‘वडील काय करत होते?’

‘गॅरेज होतं,’ मी म्हणालो.

‘मग इंदूरला जाऊन या. होळकर महाराजांना मोटारींचा फार नाद होता.’

आई माझ्याकडे बघून हसली. आमच्या गॅरेजच्या पत्र्यावर मारुतीच्या कॅलेंडरशेजारी रद्दीतल्या इंग्रजी मासिकातले एक चित्र चिकटवलेले असे. भगव्या-काळ्या रंगाची, लांबलचक नाकाची, उघडी मोटार. ती इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग. गिऱ्हाईक विचारी, ‘राजाची गाडी काय ओ?’ वडील म्हणत, ‘राजानं इकत घेतली. गाडी बनविणाऱ्याची.’

बनवणारे दोघे भाऊ, फ्रेड आणि ऑगस्ट. जर्मनीत जन्मले, लहानपणीच अमेरिकेत आले. फ्रेडने सुरुवात सायकलींपासून केली. इंजिनिअरिंगचे कॉलेज त्याने पाहिलेले नव्हते. वडिलांना त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटे तो यामुळेच असावा, कारण तेही सातवी पास. 1921 साली फ्रान्समधली ग्रां प्री शर्यत ड्यूसेनबर्गने जिंकली. युरोपातली अशी शर्यत जिंकणारी ती पहिली अमेरिकन गाडी. त्याच वर्षी त्यांनी चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार बाजारात आणली. ‘पळवणारे लै, थांबवायचा इचार यांनी केला,’ हे वडिलांचे लाडके वाक्य. ब्रेकच्या कामात ते कधी तडजोड करत नसत. उधारीवर करतील, पण अर्धवट करणार नाहीत.

धंद्यात मात्र दोघा भावांचे जमले नाही. 1926 मध्ये कंपनी एरेट कॉर्डने घेतली. त्याच्या पैशातून 1928 मध्ये ‘मॉडेल जे’ आली. आठ सिलिंडर, 265 अश्वशक्ती. पुढे सुपरचार्जर बसवून ती 320 वर नेली. कंपनी इंजिन आणि सांगाडा देई, बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. होळकरांनी ती लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. मात्र ती गाडी तयार होण्याआधीच, 1932 मध्ये, फ्रेड आपल्याच बनावटीची मोटार चालवताना झालेल्या अपघातानंतर वारला होता. 1937 मध्ये कंपनीही बुडाली. मॉडेल जे जेमतेम पाचशेच्या आत बनल्या; आज त्यांना मिळणारी किंमत ऐकून माणूस गप्प होतो. इंदूरची गाडी पुढे परत अमेरिकेत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरला गेलोच. मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने बांधलेला महाराजांचा माणिकबाग राजवाडा आता सरकारी कर-कार्यालय आहे. फाटकातून जेवढा दिसला तेवढा पाहिला. आईने विचारले, ‘मोटार कुठं ठेवत असतील?’ मला सांगता आले नाही.

खरे तर आदल्या दिवशीपासून माझ्या मनात निराळेच चालले होते. रस्ता रुंदीकरणात अर्धी जागा गेली, तेव्हा उरलेले गॅरेज मी विकून टाकले. वडील अंथरुणाला खिळलेले होते. ‘हत्यारं तरी ठेव,’ एवढेच म्हणाले. पाने-पेटी ठेवली. चित्र मात्र पत्र्याबरोबर भंगारात गेले, आणि हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितले नाही. आईलाही नाही.

रामघाटावर गुरुजी पुढे विचारत होते, ‘आणि आपला व्यवसाय?’

‘नोकरी. बँकेत.’

त्यांनी लिहिले आणि वही मिटायला घेतली. तेवढ्यात आई म्हणाली, ‘थांबा गुरुजी. त्यांच्या नावापुढं गॅरेज लिहिलं का?’

त्यांनी पान पुन्हा उघडले. लिहायचे राहिले होते. त्यांनी लिहिले, ‘मोटार कारागीर, निपाणी’. आईने शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.