साडेनऊचा गृहपाठ

८ डिसेंबर २०२५, सोमवार. विटा
पहिल्या तासाला नववीचा अर्धा वर्ग पेंगत होता. थंडीचं निमित्त सांगून झालं, मग एकीने खरं सांगितलं. ती अकराला झोपते, पण पावणेबाराचा गजर लावून उठते. स्नॅपचॅटवर मैत्रिणीला फोटो गेला नाही तर ‘स्ट्रीक’ तुटते ना! दोघींनी चोवीस तासांच्या आत एकमेकींना काहीतरी पाठवायचं, की नावापुढे आगीचं चिन्ह टिकतं आणि दिवसांचा आकडा वाढतो. मुदत संपत आली की वाळूचं घड्याळ दिसू लागतं. फोटो कशाचा? “कशाचापण, बाई. काल पंख्याचा पाठवला.” परीक्षेच्या दिवसांत घरच्यांनी फोन काढून घेतला तर पासवर्ड दुसऱ्या मैत्रिणीला देऊन ठेवायचा. चुलीवरच्या दुधाकडे बघ म्हणून शेजारणीला सांगून जावं, तसं.

गप्पा यात नाहीतच. मैत्री तुटेल ही भीती मात्र अस्सल आहे, आणि कुणीतरी ती आकड्यात बसवून पोरींच्या उशाशी ठेवली आहे. मला त्यांना आळशी म्हणवत नाही.

१० डिसेंबर, बुधवार
ऑस्ट्रेलियात आजपासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट वगैरेंवर खातं ठेवता येणार नाही. शिक्षकखोलीत सगळे खूश. “आपल्याकडं पण पायजे असा कायदा,” असं म्हणताना विज्ञानाच्या सरांचा अंगठा रील सरकवत होता. मला त्यातलं एकच आवडलं: दंड कंपनीला, जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलाला आणि आईबापांना काही नाही. आपल्याकडे पहिला धपाटा पोराच्याच पाठीत.

पण खातं बंद करायचं तर ते कुणाचं हे आधी कळायला हवं. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलामुलींना स्मार्टफोन चालवता येत होता. स्वतःचा फोन असलेले मात्र त्यांतले जेमतेम एक तृतीयांश. उरलेले आईच्या फोनवर, थोरल्या भावाच्या नावानं. कंपनीच्या दप्तरी माझ्या वर्गातले बरेच जण तिशी ओलांडलेले असतील.

११ डिसेंबर, गुरुवार
रात्री बारापर्यंत मोबाईल घेऊन बसतो, अशी तक्रार घेऊन एका मुलाची आजी आली. वडील तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. दुकान आवरलं की ते साडेदहाला व्हिडिओ कॉल करतात. तो संपला की मुलगा रील बघत बसतो. “बापाशी बोलल्यावर त्याला झोप येत न्हाई,” हेही आजीनंच सांगितलं. तरी तिच्या लेखी सगळा दोष मोबाईलचा.

तिला सांगितलं, कॉल तोडू नका. त्यानंतर फोन तुमच्याजवळ घ्या आणि बाप काय म्हणाला ते विचारा. ती म्हणाली, “मला काय सांगतंय त्यो!” मग हसली.

१४ डिसेंबर, रविवार
जोनाथन हाइट यांचं ‘द अँक्शस जनरेशन’ वाचून संपवलं. २०२४ चं हे पुस्तक सांगतं की खेळण्यातलं बालपण जाऊन फोनमधलं आलं, आणि मुलांची मनं तिथे बिघडली. वाचताना मान हलत राहते. पण ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्रू प्रशिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली होती. त्या मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध त्यांना पडद्याशी जोडता आला. म्हणजे काळजीच नको? छे. सरासरीत पावणेबाराला उठणारी आणि गाढ झोपलेली, दोघी मिसळून जातात. पडद्यापुढचे तास मोजून हाती फार लागत नाही. झोप किती गेली, हे विचारलं तर मुलं उत्तर देतात.

१६ डिसेंबर, मंगळवार
दहावीतली एक मधल्या सुट्टीत म्हणाली, “बाई, मला काहीच वाटत नाही. रडू पण येत नाही.” महिनाभर असंच चाललंय. शाळेला समुपदेशक नाही. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६. २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात. फोनपायी मुलं बिघडली म्हणायचं आणि मदतही फोनवरच! तिच्याकडे स्वतःचा फोन नाही, घरच्या फोनवर बोललं तर सगळं घर ऐकणार. तिला विचारून माझ्या मोबाईलवरून लावला, ग्रंथालयात बसवलं आणि दाराबाहेर थांबले. बराच वेळ बोलली. उद्या तिची आई येणार आहे. कोणतं वाक्य आधी बोलायचं ते आम्ही दोघींनी ठरवून ठेवलंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार
पालकसभा. मी मोहित्यांचे वडगावचा दाखला दिला. आमच्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. करोनातल्या ऑनलाइन वर्गांनंतर पोरांचं वाचन सुटलं, म्हणून २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत मोबाईल आणि टीव्ही बंद. मोठ्यांचेसुद्धा. मालिका बुडणार म्हणून कुरकूर झाली, तरी आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरल्या. मला वाटतं गोम तिथे आहे. बाप रील बघत असताना मुलाने फोन ठेवायचा, हे कुठल्याच घरात चालत नाही.

मग मुद्द्यावर आले. आमची शाळाच रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवते. तो बंद करून फळ्यावर लिहून देऊ, असं मी सुचवलं. बरेच हात वर झाले.

मागून सहावीतल्या मुलाची आई उठली. दिवसभर दुसऱ्याच्या रानात असते. “बाई, मला वाचाय येत न्हाई. वहीत काय लिवलंय ते पोरगं सांगंल तेच खरं. तुमी गुरुपवर बोलून टाकता, ते मला कळतं. तेवढं बंद करू नगा.”

यावर कुणाजवळच तयार उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: गृहपाठ फळ्यावर, आणि तोच माझ्या आवाजात ग्रुपवर, पण संध्याकाळी सहाच्या आत. सोमवारपासून सुरू. विज्ञानाच्या सरांनी अजून होकार दिलेला नाही.