कृष्णाकाठाहून सावित्रीच्या मुखाशी

उंब्रजेस तारळी कृष्णेला मिळते, तेथे घाटावर एका वृद्ध भिक्षुकाने सहज विचारले, “शाप भोगणारी नदी आपण नित्य पाहतो, शाप देणारी कोठे गेली, ते पाहिलेत का?” महाबळेश्वरच्या यज्ञात सावित्रीला विलंब झाला म्हणून ब्रह्मदेवाने तिच्या आसनावर गायत्रीला बसविले, तेव्हा कोपलेल्या सावित्रीच्या शापाने विष्णूची कृष्णा, शंकराची वेण्णा व ब्रह्मदेवाची कोयना झाली, आणि शापाशापीत ती स्वतःही नदी होऊन कोकणात उतरली, ही कथा बालपणापासून कानांवर होती, परंतु तिच्या मुखाजवळचे हरिहरेश्वर पाहण्याची बुद्धी त्या प्रश्नानेच झाली.

महाबळेश्वरी पंचगंगेचे दर्शन उभ्या उभ्या घेतले, प्रतापगड दुरूनच पाहिला, आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, म्हसळे या वाटेने मुक्काम गाठला. समुद्राभिमुख म्हणून दिलेल्या खोलीतून नारळीच्या वाडीचा गडगा तेवढा दिसत होता, आणि डासांचा अंमल तर जंजिऱ्याच्या सिद्दीलाही हेवा वाटावा असा होता.

प्रातःकाळी रिवाजाप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असे दर्शन घेऊन डोंगराच्या चिरेतील पायऱ्यांनी प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरलो. लाटांनी कोरलेला तो कातळ तव्यावरच्या घावनासारखा जाळीदार झाला आहे. छिद्रात बोट फिरविले की खारट, ओली भुकटी नखात येते. तुषारांतले मीठ दगडाच्या रंध्रांत गोठून फुगते आणि एकेक कण सुटा करते, एवढेच याचे रहस्य. पण बरोबरचा वाटाड्या प्रत्येक खळग्याला कोणा ना कोणा देवाचे पाऊल ठरवीत होता. विष्णुपद आणि गायत्रीतीर्थ परंपरेने मान्य आहेत, तेवढी मला पुरे होती. मूळ कथेविषयी मात्र माझा आदर वाढला: एकाच माथ्यावरचे पाणी काही पूर्वसमुद्राला, काही पश्चिमसमुद्राला जाते, हे ज्याने शापाच्या मिषाने सांगितले त्याला सह्याद्रीचा पाणलोट चांगला ठाऊक होता.

हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत, आणि जवळच्या श्रीवर्धनची देशमुखी त्यांच्या भट घराण्याकडे होती. आंगऱ्यांशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने छळ मांडला म्हणून बाळाजी विश्वनाथ कोकण सोडून घाटावर आला, असे बखरींच्या आधारे सांगतात. मुक्कामी भेटलेले इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक या कथेला अक्षरशः चिकटून होते. मी म्हटले, 1699 च्या सुमारास जो पुण्याचा सरसुभेदार होता, त्याने दफ्तराचे काम आणि वसुलाचा हिशेब त्यापूर्वी काही वर्षे तरी गिरविला असला पाहिजे; मग कान्होजी आंगऱ्यांच्या त्यानंतरच्या उत्कर्षाशी या पलायनाची सांगड कशी बसावी? ते रागावले, पण चहा त्यांनीच पाजला. माझे मत असे की सिद्दीचा जाच खरा. आंगऱ्यांचे निमित्त मात्र मागाहून जोडलेले असावे.

दुपारी बागमांडल्याहून तरीने खाडी ओलांडून वेसवीस गेलो, आणि तेथून वेळासला. हे नाना फडणीसांच्या भानू घराण्याचे गाव. शाहू छत्रपतींनी 1713 मध्ये बाळाजीस पेशवाई दिली, आणि 1719 मध्ये दिल्लीच्या दंगलीत नानांचे आजोबा त्याच पेशव्याच्या पदरी असता मारले गेले. प्रतापगडापेक्षा या आडगावी मी अधिक वेळ काढला, याचा मला यत्किंचितही खेद नाही.

जाणाऱ्याने एवढे करावे: प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच मोकळी असते आणि तिने माणसे गिळली आहेत, म्हणून पाण्याची वेळ वाटाड्याला न विचारता गावातल्या कोळ्यांना विचारावी, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेथे उतरूच नये.