कुठल्या गल्लीतले मुळे?

निपाणी आधी नाकाला कळते. स्टँडवर पाय ठेवला की तंबाखूचा खाट वास घशात शिरतो, दोन शिंका येतात आणि मग गाव दिसायला लागतं. मी कोल्हापूरहून बेळगावला निघाले होते, मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी लिहिणाऱ्या बाबा पदमनजींचं गाव बघायला. निपाणीत गाडी बदलली. शेजारच्या सीटवर साठीपुढच्या एक मावशी बसल्या. कंडक्टरने त्यांचं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं आणि माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले. शक्ती योजना कर्नाटकातल्या बायकांसाठी आहे. सीमाप्रश्नाची एवढी सुटसुटीत मांडणी मी महाजन अहवालातही वाचलेली नाही.

मावशींच्या मांडीवरच्या पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पुस्तक होतं. ‘उपासना संगीत’.

“भाचीच्या लेकराचा बाप्तिस्मा हाय बेळगावात,” त्या म्हणाल्या. “तुमी मंडळीतल्या का?”

नाही म्हटलं. त्यांना काही वाटलं नाही. गाडी तवंदीचा घाट चढायला लागली. उजवीडावीकडे उसाचे हिरवे पट्टे आणि मध्येच तंबाखूची रानं. याच हमरस्त्यावर १९८१मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बैलगाड्या घेऊन बसले होते. शेतकरी संघटनेच्या त्या आंदोलनावर गोळीबार झाला, माणसं गेली. मावशी तेव्हा वखारीत तंबाखू चाळायला जात. “वखार बंद, म्हंजे चूल बंद,” एवढंच त्या बोलल्या.

या भागातली प्रोटेस्टंट मंडळी बहुतेक अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या मुळातली. रॉयल वाइल्डर १८५२मध्ये कोल्हापुरात आले आणि तिथून मिशनचं काम आजूबाजूच्या गावांत पसरत गेलं. पुढे १८७६-७७चा दुष्काळ आला. बेळगाव जिल्हा त्यात होरपळून निघाला. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना ‘भाकरीचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हिणवणाऱ्यांच्या घरी तेव्हा भाकरी होती, हे मात्र कोणी सांगत नाही.

मावशींना मी विचारलं, वाईट दिवसांत देवाचा राग नाही आला?

“राग कशाचा? तवा तर सारखं त्येचंच नाव तोंडात. आमच्यात हंगामाचा सण असतोय. ज्येनं त्येनं रानातलं, घरातलं आणायचं आन् चर्चमदी लिलाव करायचा. मी एक अंडं नेलं हुतं. दुसरं काय नव्हतंच. बोली चढत चढत बारा रुपयाला गेलं. ज्येनं घेतलं त्येनं परत ठिवलं, पुन्यांदा इकलं. एकच अंडं तीन डाव गेलं बगा.” हसता हसता त्यांना ठसका लागला. चाळणीची धूळ छातीत राहते म्हणतात.

“मग पोरगा पुण्याला पर्मनंट झाला. त्या साली मी भोपळ्याची बोली लावली. दोन हजार! समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. पाळकसाहेब बी हसलं. आन् त्या वर्षी घरात कुटुंबाची प्रार्थना किती डाव झाली इचारा.”

“किती?”

“मोजायचं बी ध्यान ऱ्हायलं न्हाई.”

संकेश्वरला गाडी थांबली. मावशी डोळे मिटून बसल्या. त्यांची प्रार्थना चालली होती की डुलकी, मला कळलं नाही.

पोट भरलेलं असताना माणूस देवाकडे का वळतो, हे बघायलाच मी पदमनजींकडे वळले होते. त्यांना भाकरीची अडचण नव्हती. १८३१मध्ये बेळगावात त्वष्टा कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा पूजाअर्चा, उपासतापास मनापासून करणारा. इंग्रजी शिकावं म्हणून त्याला मिशनच्या शाळेत घातलं आणि बायबल त्या वाटेने घरात आलं. पुढे मुंबईत फ्री चर्चची शाळा, जातिभेद झुगारणारी परमहंस सभा, मित्र, वादविवाद. ख्रिस्त मनाला पटला होता, तरी बाप्तिस्म्याचं पाऊल बराच काळ उचललं गेलं नाही. अडवत होते ते घरचे लोक, आणि तेही प्रेमाने. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात हा काळ त्यांनी सविस्तर मांडला आहे. माझ्या मते त्या पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग हाच. कोणी छळत असतं तर त्यांचं काम सोपं झालं असतं.

त्याआधीच, १८५०मध्ये, कायदा झाला होता की धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाही. म्हणजे कागदावर वडिलांच्या घरातला वाटा मिळाला असता. पंगतीतल्या पाटाबद्दल कायद्यात काही नव्हतं. १८५४मध्ये पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला तो बेळगावातच. मुंबईत घेतला असता तर आई-वडिलांच्या डोळ्यांआड झाला असता.

हिडकलचं पाणी लांबून चमकलं. मग चन्नम्माराणीचं काकती, आणि उतारावर बेळगाव.

मावशी स्टँडवरच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. मी कॅम्पात गेले. मोठी झाडं, रुंद रस्ते, लष्करी पाट्या. १८१८मध्ये इंग्रजांच्या मन्रोने पेशव्यांकडून किल्ला घेतला आणि दोनच वर्षांत लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथे आले. छावणीमागोमाग मिशन, असा तो क्रम. १९०४मध्ये सोसायटीने इथलं काम मेथडिस्टांच्या हवाली केलं. पण शाळेच्या नावात बेनन आणि स्मिथ हे जुने मिशनरी अजून आहेत. गोव्याकडून आलेल्या कॅथलिकांचं जग निराळं. त्यांची कोकणी, त्यांची बेकरी, आणि १९५३पासून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत.

एका चर्चच्या फाटकावर सूचना तीन भाषांत होती. वॉचमनने कन्नडमध्ये विचारलं, मी मराठीत उत्तर दिलं, तो हिंदीत म्हणाला, रविवारी या.

पदमनजींनी नंतर संपादन केलं, पाळकाचं काम केलं, नव्या कराराची टीका लिहिली, मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाचा आटोपशीर संक्षेप केला आणि शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली. १८५७ची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. ती प्रवासाचीच कथा आहे. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते, जागोजागी विधवांचे हाल बघते आणि शेवटी तीच विधवा होते. शेवटाकडे लेखक उघड धर्मप्रचारक होतो आणि कादंबरी हातातून निसटते. तरी केशवपनाला भ्यालेल्या त्या बायका कागदावर आल्या, आणि आणल्या बेळगावच्या या कासाराच्या पोराने. १९०६मध्ये ते वारले.

संध्याकाळी कुंदा घ्यायला बाजारात गेले. वाटेत तांब्यापितळेचं जुनं दुकान लागलं. गल्ल्यावरचे आजोबा घंघाळ तोलत होते. मला राहवलं नाही.

“आजोबा, बाबा पदमनजी ऐकून माहीत आहेत का? इथलेच. कासारच.”

त्यांनी तराजू खाली ठेवला. “आडनाव काय त्यांचं?”

“मुळे.”

“मुळे बरेच आहेत हो,” ते विचार करत म्हणाले. “कुठल्या गल्लीतले?”