पिलं राखणाऱ्या माशावर गळ टाकू नकोस

नागपूर,
मृग नक्षत्र

लाडक्या भाचीस,


चिकाहोमिनीच्या दलदलीत तू धरलेल्या माशाचा फोटो मिळाला. ‘मामा, आपली मरळ व्हर्जिनियात कशी आली?’ असं तू विचारलं आहेस. पोरी, ती मरळ नाही, तो बाउफिन आहे. दोघांचं अंग लांबोडकं, पाठीवरचा पर लांबलचक, तोंड दातांनी भरलेलं, त्यामुळे बघणाऱ्याची गफलत होतेच. खूण पोटाखाली बघायची. मरळीचा पोटाखालचा मागचा पर लांब असतो, पार शेपटीजवळ पोचतो. बाउफिनचा आखूड असतो. बाउफिनच्या खालच्या जबड्याखाली हाडाची रुंद पट्टी असते, ती मरळीला नसते. तुझ्या फोटोत शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका आणि त्याभोवती पिवळसर कडं ठळक दिसतं, म्हणजे तो नर आहे. हे शेवटचं ध्यानात ठेव, पुढे त्याचं काम पडणार आहे.

खूण एवढी बारकाईने लिहितो आहे, कारण तिकडे तिच्यावर माशाचा जीव ठरतो. २००२ साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात स्नेकहेड सापडला. हा आपल्या मरळीच्याच कुळातला, पण चीनकडचा मासा. कुणीतरी न्यूयॉर्कच्या बाजारातून जिवंत आणलेली जोडी तिथे सोडून दिली होती. सरकारने औषध टाकून तळं साफ केलं आणि त्याच वर्षी या साऱ्या कुळाचे जिवंत मासे देशात आणायला बंदी घातली. तरी २००४ मध्ये तो पोटोमॅक नदीत निघालाच. तेव्हापासून मेरीलँडमध्ये लोकांना सांगितलं जातं, स्नेकहेड गळाला लागला तर मारून टाका. बाउफिन मात्र अमेरिकेचा अगदी जुना रहिवासी. त्याचं घराणं डायनासोरांच्या काळापासून चालत आलेलं. बाकीच्या शाखा संपल्या आणि आज त्याच्या दोनच जाती उरल्या आहेत. त्यातली दुसरी वेगळी आहे हे शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं. नुसता चेहरामोहरा जुळतो म्हणून असा मासा काठावर मरून पडावा, याचं मला फार वाईट वाटतं.

दोघांचं कूळ वेगळं, पण जगण्याची रीत सारखी. गढूळ, तणाने भरलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात इतर मासे तडफडतात तिथे हे दोघे टिकतात, कारण ते वर येऊन हवा घेतात. बाउफिन आपल्या पोटातल्या हवेच्या पिशवीने श्वास घेतो. मरळीला कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळा कप्पा असतो. मोठ्या मरळीला तर हवेवाचून भागतच नाही; तिला पाण्याखाली अडकवून ठेवलं तर ती पाण्यातच गुदमरते. उन्हाळ्यात तलाव आटला की ती ओल्या चिखलात दबून राहते आणि पाऊस पडला की पुन्हा हालचाल करू लागते.

म्हणून तर आपल्या भोईपुऱ्याच्या बाजारात मरळ जिवंत मिळते. घमेल्यात चार बोटं पाणी, वर जाळी, आणि आत काळ्या-हिरव्या पाठी एकमेकींवर सरकत असतात. विकणारी बाई हाताला राख लावूनच तिला धरते, नाहीतर अंगावरच्या चिकट्याने मासा हातातून निसटतो. रोहू-कतल्यापेक्षा मरळीचा भाव नेहमीच चढा. काटे कमी, मांस घट्ट, सावजी रश्श्यात तुकडा फुटत नाही. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला मरळीचा रस्सा द्यायची आपल्याकडे रीत आहे. शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा केलं आहे. याच मृगात हैदराबादेत दम्याच्या रुग्णांना औषध भरलेलं मरळीचं छोटं जिवंत पिल्लू गिळायला देतात. त्या औषधाबद्दल डॉक्टरांचे आक्षेप आहेत, पण लोकांच्या मनात या माशाचं स्थान काय आहे ते त्यावरून दिसतं.

आता तिच्या झुंजीबद्दल. उमरेड-भिवापूरकडच्या गावतलावांवर मी मच्छीमार सोसायटीला विचारूनच जातो. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा कमळाच्या पानांच्या कडेवर नजर ठेवायची. कुठेतरी ‘बुळुक’ असा आवाज होतो, एक पान हलतं, बुडबुडा फुटतो. मरळ हवा घेऊन खाली गेली. रबरी बेडूक त्या जागेच्या चार हात पलीकडे टाकायचा आणि पानांवरून सरपटत आणायचा. पानांखालचं पाणी फुगतं, एक रेघ बेडकाच्या मागे लागते आणि अंगावर पाणी उडेल असा फटकारा बसतो. इथेच हात आवरायचा. मरळ आधी बेडूक जबड्यात धरते, मग वळून खाली जाते. दोरी सरकून ताठ झाली की मगच रॉड उचलायचा. घाई केली तर बेडूक तिच्या दातांतून रिकामा परत येतो. गळ लागल्यावर ती लांब पळत नाही. सरळ खाली देठांच्या गुंत्यात घुसते आणि स्वतःभोवती गिरक्या घेत दोरी गुंडाळते. पहिल्या काही क्षणांत तिचं डोकं वर धरून ठेवता आलं तर मासा आपला. तिने एकदा बुडाशी ठाण मांडलं की जाड विणीची दोरीही कामाला येत नाही.

झुंज प्रत्येक माशाची निराळी असते. खडस, म्हणजे महाशीर, वाहत्या पाण्याच्या जोरावर दूरवर धावतो आणि रिळावरची दोरी संपवतो. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याची शास्त्रीय नोंद केली. आज धरणांनी अडवलेल्या नद्यांत तो दुर्मीळ झाला आहे, आणि लोणावळ्याला टाटा पॉवरच्या वळवण केंद्रात कित्येक वर्षं त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जातात. वैनगंगेतला शिंगाडा मासा तळाशी बसून जोर लावतो आणि त्याचा काटा बोटात गेला की ठणका रात्रभर टिकतो. या सगळ्यांत मरळीशी माझा जीव जडला, त्याचं कारण ती कशी राखण करते हे मी पाहिलं आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला मरळीची जोडी उथळ पाण्यातलं तण बाजूला सारून जागा करते. अंडी पिवळसर, पाण्यावर तरंगणारी. पिल्लं निघाली की ती लालसर-नारिंगी दिसतात आणि शेकडोंच्या संख्येने एकत्र फिरतात. त्या लाल थव्याभोवतीचं पाणी उकळतंय असं वाटतं, कारण प्रत्येक पिल्लू हवेसाठी वर येत असतं. खाली आईबाप असतात. थवा सरकेल तसे ते सरकतात आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतात. थव्यात रबरी बेडूक टाकला की फटकारा हमखास बसतो, हे सगळ्या गळवाल्यांना ठाऊक आहे. मरळ हवी असेल तर याहून सोपी वेळ नाही. पण त्या वेळी ती भुकेने येत नाही, राखणीने येते. आईबाप काढून नेले की ज्या पाण्यात पिल्लं निर्धास्त फिरत होती, त्याच पाण्यातले दुसरे मासे त्यांचा फडशा पाडतात. एका फटकाऱ्यापायी शेकडो जीव जातात.

एका वयस्क ढीवर काकांनी मला हे एका वाक्यात शिकवलं. थव्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “पिल्लं राखून रायली ते. तिले आता कायले सतावतं?” त्यांचं पोट मासळीवर चालत होतं आणि तरीही त्यांनी जाळं दुसरीकडे नेलं.

बाउफिनमध्ये ही राखण बाप एकटा करतो. वसंतात उथळ पाण्यात गवत मोडून तो गोल जागा तयार करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पिल्लं बोटभर लांबीची होईपर्यंत तो त्यांच्या थव्याबरोबर फिरत राहतो. काळ्या ठिपक्याचा नर म्हणून मी वर लिहिलं ते यासाठी.

एवढं करूनही दोघांच्या वाट्याला वैर येतं. तिकडे बाउफिनला टाकाऊ मासा समजतात, लोकांना हवे असलेले मासे खातो म्हणून काठावर फेकतात; आणि लुइझियानात त्याचीच अंडी कॅव्हियार म्हणून विकली जातात. आपल्याकडेही मत्स्यशेतीच्या शिकवणीत रोहू-कतल्याचं बीज सोडण्याआधी तळ्यातले शिकारी मासे काढून टाका असं सांगतात, आणि त्या यादीत मरळ असते. त्यासाठी पाण्यात मोहाची ढेप टाकतात. बाजारात जिचा भाव चढा, तिलाच तलावातून हुसकावलं जातं. शिकारी मासा बीज खातो हे खरं आहे. पण तलावात नुसतं विकतचं बीज उरलं की तो तलाव दरवर्षी बाहेरच्या पिशवीवर अवलंबून राहतो, आणि स्वतःहून वाढणारी मासळी संपते.

पूर्व विदर्भात यावर दुसरा मार्ग दिसला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोहळी लोकांनी बांधलेले हजारो मालगुजारी तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि बरेच गाळाने, बेशरमाच्या झुडपांनी भरले. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने ढीवर स्त्री-पुरुषांबरोबर नवेगावबांधच्या परिसरातल्या काही तलावांत काम केलं. बेशरम उपटली, उथळ भाग नांगरला, तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या अंड्यांना लागते हे ज्ञान ढीवरांचंच होतं. उथळ, तणाचा काठ परत आला आणि देशी मासे परत आले. नुसतं खोल खोदून तलावाचे काठ उभे केले असते तर मरळीला अंडी घालायला जागाच उरली नसती.

म्हणून तुला माझं सांगणं आहे. मासे पकड, मनापासून पकड. झुंजीचा आनंद खरा आहे आणि तो मला तुझ्याकडून कधी काढून घ्यायचा नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाक, मासा धरताना हात ओले कर, आणि मारण्याआधी पोटाखालचा पर बघ. खायचा असेल तर एक ने, बाकीचे सोड. आणि एप्रिल ते जून या दिवसांत उथळ पाण्यात काळ्या पिल्लांच्या थव्याखाली तो नर दिसला, तर त्या जागी गळ टाकू नकोस. तुझ्याबरोबर येणाऱ्या पोरांना पराची खूण दाखव आणि थव्याचं कारणही सांग. नुसता नियम लोक विसरतात, कारण समजलं की पाळतात. मीही इथे मृगापासून पावसाळा संपेपर्यंत लाल थवा दिसेल तो काठ सोडून देतो, आणि सोसायटीच्या पोरांनाही तेच सांगतो. ज्याच्या ताकदीचं आपण कौतुक करतो, त्याची पुढची पिढी राखणं हे आपल्याही अंगावरचं काम आहे.

हिवाळ्यात ये. थंडीत मरळ सुस्तावते, पण दुपारच्या उन्हात तलावावर बसायला मजा येते. नीट राहा, आईला फोन करत जा.

तुझा,
मामा